अडुळसा: पानाची ओळख, रस, काढा, अवलेह आणि कोणाला देऊ नये

नवी_पालवी
दिवाळीनंतर पुण्यात हवा कोरडी होते, सकाळी धुरकं खाली बसतं आणि घरोघरी खोकला सुरू होतो. मग 'अडुळसा घ्या' हा सल्ला सगळेच देतात, पण कसा घ्यायचा याबाबत दोन माणसांचं एकमत नसतं. कुणी चार पानं सांगतं, कुणी दहा. मिक्सरमधून काढलं तर नुसता चोथा होतो, रस निघत नाही. त्यात पाणी घातलं तर त्याला रस म्हणायचं का? काढा किती आटवायचा? आमच्या सोसायटीच्या कुंपणाला एक झुडूप आहे, त्याला सगळे अडुळसा म्हणतात. तो खरंच अडुळसा आहे हे कशावरून ठरवायचं? माहीतगारांनी मापांसकट लिहावं ही विनंती.

टेकडीवाला
तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण पान चुकलं तर पुढची सगळी मापं फुकट.

अडुळशाची पानं समोरासमोर, जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला काटकोनात असते. पान भाल्याच्या पात्यासारखं, साधारण १० ते २० सेंटीमीटर लांब आणि मधे ३ ते ८ सेंटीमीटर रुंद असतं. कडेला करवतीसारखे दाते नसतात, कड अखंड किंवा किंचित लहरती. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना ८ ते १० उपशिरा सहज मोजता येतात. देठाकडे पान दोन्ही बाजूंनी सारखंच निमुळतं होतं. पानांची जोडी जिथे फुटते ते पेर सांधा सुजल्यासारखं फुगीर दिसतं, हे हाताला लगेच कळतं. चोळल्यावर उग्र हिरवट वास येतो, वाळलेल्या पानाला मात्र चहाच्या पत्तीशी मिळताजुळता. चव कडू, आणि ती जिभेवर बराच वेळ राहते.

फूल दिसलं तर शंकाच राहत नाही. पांढरं, दोन ओठांचं, खालच्या ओठावर जांभळट गुलाबी रेघा आणि आत दोनच पुंकेसर. आ वासलेल्या सिंहासारखं दिसतं म्हणून संस्कृतात याला 'सिंहास्य' असंही नाव आहे. वासा, वासक, वृष, आटरूषक ही बाकीची नावं. शास्त्रीय नाव जस्टिशिया अधाटोडा. जुन्या पुस्तकांत अधाटोडा वासिका असं लिहिलेलं सापडेल, झाड तेच.

घोटाळा दोन झाडांशी होतो. पहिला काळा अडुळसा, म्हणजे जस्टिशिया जेंडारुसा. याचं पान अरुंद, जेमतेम एक-दोन सेंटीमीटर रुंद, कोवळी खोडं आणि पानाची मधली शीर जांभळट. कापून लावला की दाट वाढतो, म्हणून बागांच्या कडेला खूप दिसतो. दुसरा महारुख. हा मोठा वृक्ष आहे, झुडूप नव्हे, पण गुजरातीत अडुळशाला 'अरडूसी' आणि महारुखाला 'अरडूसो' म्हणतात. एका मात्रेच्या फरकाने पोत्यातला माल बदलतो. महारुखाची पर्णिका, म्हणजे एका मोठ्या पानातलं छोटं पान, दातेरी असते आणि तिचा तळ एका बाजूला तिरका असतो. चुरा झाल्यावर मात्र हे काही दिसत नाही.

काष्ठौषधी
म्हणूनच बाजारातून चूर्ण घेण्यापेक्षा अख्खं वाळलेलं पान घ्यावं. रविवार पेठेतल्या आणि मंडईच्या आसपासच्या काष्ठौषधींच्या दुकानांत ते मागितलं तर मिळतं. पान वरून मळकट तपकिरी हिरवं आणि खालून फिकट राखाडी असावं. काळं पडलेलं असेल तर ओलं असतानाच ढीग घातलेला असतो. पुडीत काड्या किती आहेत तेही बघा, काड्यांचं वजन आपण पानाच्या भावाने घेत असतो. मुठीत दाबल्यावर पान कुरकुरलं पाहिजे. नुसतं वाकलं तर त्यात ओल आहे आणि महिन्याभरात बुरशी धरणार.

घरी वाळवायचं असेल तर सावलीत, जाळीवर, एका थरात. ताज्या एक किलो पानांचं वाळून साधारण पाव किलोच्या आत-बाहेर उरतं. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या दमट हवेत पान आठवडाभर ओलंच राहतं आणि देठाकडून काळं पडत जातं, त्यामुळे त्या दिवसांत वाळवण घालू नये. फुलोरा येण्याआधीची पूर्ण वाढलेली, पण पिवळी न पडलेली पानं घ्यावीत. शेंड्याच्या अगदी कोवळ्या दोन जोड्या सोडाव्यात. काचेच्या बरणीत, अंधारात, वर्षभर.

मोठ्या प्रमाणावर घेणाऱ्यांसाठी: आघारकर संशोधन संस्थेत वनस्पतीची ओळख पटवून मिळते. सूक्ष्मदर्शकाखाली अडुळशाच्या पानात सिस्टोलिथ म्हणजे चुनखडीचे खडे असलेल्या पेशी दिसतात. महारुखात त्या नसतात, त्यामुळे चुऱ्यातली भेसळही पकडता येते.

खलबत्ता
आता रसाचं. अडुळशाचं पान जाडसर आणि चिवट असतं, नुसतं वाटून पिळलं तर हाताला ओल लागते इतकंच. जुन्या वैद्यांनाही हीच अडचण होती. म्हणून अडुळशाचा स्वरस, म्हणजे ताज्या पानाचा पिळलेला रस, 'पुटपाका'ने काढायला सांगितला आहे.

पुटपाक असा. पाव किलो ताजी पानं धुऊन पुसून घ्या, जाड देठ काढा, पाट्यावर किंवा खलबत्त्यात ठेचून घट्ट गोळा करा. गोळा वडाच्या, जांभळाच्या किंवा केळीच्या पानांत दोन-तीन पदरी गुंडाळून सुतळीने बांधा. वरून मळलेल्या मातीचा दोन बोटं जाड लेप द्या. लेप जरा सुकला की गोवऱ्यांच्या विस्तवात ठेवा. बाहेरची माती लालबुंद झाली की काढा, हाताला सोसवेल इतकं निवू द्या, माती फोडा, पानं सोडवा आणि गोळा गरम असतानाच फडक्यातून पिळा.

बिघडतं कुठे? लेप पातळ असला की तडकतो आणि आतलं पान करपतं, रसाला जळका वास येतो. गुंडाळलेलं पान एकपदरी असलं तर माती आत शिरते, रस पिताना दाताखाली कचकच लागते. गोळा पूर्ण गार होऊ दिला तर निम्मा रस आतच राहतो. लेपाची माती बागेतली खत घातलेली नसावी, हेही पाहा.

फ्लॅटमध्ये गोवऱ्या कुठून आणणार? इडलीपात्रात वाफवा. अख्खी पानं ताटलीत पसरून वर कोरडं फडकं घाला, म्हणजे झाकणावरचं पाणी पानांवर ठिबकत नाही. हे फडकं विसरलं की रसात पाणी येतं आणि माप खोटं ठरतं. १२ ते १५ मिनिटं वाफ पुरते. पान मऊ होऊन रंग ऑलिव्हसारखा झाला की लगेच ठेचा आणि पंचात घालून दोघांनी पिळा. वाफेने पेशींच्या भिंती सैल होतात, म्हणून त्याच पानातून मग रस सुटतो. पाव किलोतून साधारण अर्धी वाटी धरा, कोवळ्या पानातून थोडा जास्त, जून पानातून कमी. रस त्याच दिवशी संपवायचा. फार तर फ्रिजमध्ये दुसऱ्या सकाळपर्यंत.

मिक्सरमध्ये पाणी घालून काढलेल्याला रस म्हणू नका. तो पातळ केलेला कल्क, म्हणजे वाटलेला लगदा. तोही घेता येईल, पण त्यात किती मिली औषध आहे हे कुणालाच सांगता येणार नाही.

सदाशिव_३०
काढ्याबद्दल दोन पाठ ऐकले आहेत. एक म्हणतो सोळा पट पाणी घालून आठवा भाग उरवा, दुसरा म्हणतो चौथा भाग. बरोबर कोणतं?

वैद्य_सहकारनगर
दोन्हींना आधार आहे. जुने आयुर्वेद ग्रंथकार शार्ङ्गधर यांनी एक पल (जुने वजन, आजचे ४८ ग्रॅम) भरडीला सोळा पट पाणी आणि अष्टमांश शेष असा सामान्य पाठ दिला आहे. द्रव्य मऊ असेल तर पाणी चौपट घेऊन चतुर्थांश शेष ठेवायचा, हीही पद्धत आहे. अडुळशाच्या वाळलेल्या पानाला घरगुती वापरात पुढील माप सोयीचे पडते: १० ग्रॅम भरड, १६० मिली पाणी, मंद आचेवर उकळून ४० मिली उरवायचे. हे एका माणसाचे एका वेळचे. आठव्या भागापर्यंत म्हणजे २० मिलीपर्यंत आटवले तर काढा फार दाट आणि कडू होतो, पोटात मळमळते आणि माणूस दुसऱ्या दिवशी घेत नाही. औषध पोटात गेले तरच उपयोग.

भरड म्हणजे रव्याहून जाड. बारीक चूर्ण उकळले तर ते तळाला बसते, करपते आणि गाळताना फडके तुंबते. काढा उघड्या भांड्यात उकळला तरी चालतो, कारण अडुळशातले मुख्य घटक, वासिसिन आणि त्याच्या जोडीचा वासिसिनोन, वाफेबरोबर उडून जाणारे नाहीत. तुळस, आले, ओवा यांचे तसे नाही. त्यांचा गुण सुगंधी तेलात आहे, म्हणून ते शेवटी घालून गॅस बंद करावा आणि झाकण ठेवावे. सगळे एकत्र टाकून अर्धा तास उकळणे ही सर्रास होणारी चूक आहे.

ताज्या पानांची संख्या विचारू नका, वजन विचारा. लहान पान एक ग्रॅमच्या आसपास भरते, मोठे अडीच ग्रॅमपर्यंत जाते. 'पाच पाने' म्हणजे ५ ग्रॅमही होतात आणि १२ ग्रॅमही. भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशात मोठ्या माणसासाठी ताजा स्वरस १० ते २० मिली, किंवा काढ्यासाठी वाळलेले पान १० ते २० ग्रॅम अशी मात्रा दिली आहे. सुरुवात खालच्या टोकापासून करावी. रस निवल्यावर त्यात चमचाभर मध घालावा. उकळत्या काढ्यात मध घालू नये.

आता मुख्य गोष्ट. अडुळसा सगळ्या खोकल्यांचे औषध नाही. चवीला तिक्त व कषाय, वीर्याने शीत म्हणजे गुणाने थंड, कफ आणि पित्त कमी करणारा असा तो आहे. छातीत चिकट कफ आहे, सुटत नाही, पिवळट आहे, घशात आग होते, अशा ठिकाणी तो चांगला लागू पडतो. नुसती कोरडी ढास आहे, कफाचे नाव नाही, रात्री अंग टाकल्यावर खोकून बरगड्या दुखतात, अशा वातज खोकल्यात एकटा अडुळसा दिला तर घसा आणखी कोरडा पडतो. तिथे तुपाची जोड हवी, किंवा ज्येष्ठमधाची. पण ज्येष्ठमध रक्तदाब असलेल्यांनी रोज आठवडेच्या आठवडे चघळू नये. शरीरात मीठ-पाणी धरून ठेवले जाते, पोटॅशियम उतरते आणि दाब वाढतो.

जास्त मात्रेने उलटी आणि जुलाब होतात. गर्भवतीला अडुळसा कोणत्याही रूपात देऊ नये, कारण वासिसिनने गर्भाशयाचे आकुंचन होते. हे मी ठासून लिहितो आहे, कारण 'झाडपाल्याने काय होतंय' म्हणून आधी हाच काढा पुढे केला जातो. स्तनपान करणाऱ्या मातांनी आणि लहान मुलांसाठी समक्ष वैद्यांना विचारूनच. एक वर्षाच्या आतील बाळाला मधाचे बोटही लावू नये. मधातील जंतूंच्या बीजाणूंमुळे त्या वयात बॉट्युलिझम होऊ शकतो.

श्वास
छातीच्या विकारांच्या बाजूने थोडी भर घालतो.

खोकल्याच्या बऱ्याच सायरपमध्ये ब्रोमहेक्झिन किंवा ॲम्ब्रोक्सॉल असतं. ब्रोमहेक्झिन हे रेणू वासिसिनच्या रचनेवरूनच घडवलेलं आहे आणि ॲम्ब्रोक्सॉल हे शरीरात ब्रोमहेक्झिनपासून तयार होणारं रूप. म्हणजे डॉक्टरांनी दिलेलं सायरप आणि घरचा अडुळसा दोन्ही एकदम घेतले तर एकाच अंगाचं काम दोनदा होतं. कफ अचानक पातळ होऊन भरपूर सुटतो. म्हाताऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तो बाहेर टाकता येत नाही, तिथे त्रास वाढतो. बाटलीवरची घटकांची यादी वाचा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर काढा बाजूला ठेवून थुंकी तपासा, क्षयाची तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रात मोफत होतात. थुंकीतून रक्त आलं तर दोन आठवडेही थांबू नका. अडुळसा रक्तपित्तासाठी, म्हणजे नाका-तोंडातून वगैरे रक्त जाण्यावर, पूर्वापार सांगितला आहे हे खरं, पण रक्त कुठून येतंय हे आधी कळायला हवं. धाप, निळसर ओठ, ताप उतरत नाही, वजन घटतंय, यांतलं काहीही असेल तर हा धागा बंद करून दवाखाना गाठा.

दमेकऱ्यांनी इनहेलर सोडून अडुळशावर जाऊ नये. वाळलेल्या पानांची विडी ओढायचा जुना प्रघात होता, कधी त्यात धोतराही मिसळत. धूर मुळात सुजलेल्या श्वासनलिकेला वाईट, आणि धोतऱ्याची विषबाधा जिवावर बेतते.

आणखी एक गोष्ट कुणी विचारत नाही. रक्तदाबासाठी रामिप्रिल, एनालाप्रिल अशी गोळी चालू असेल तर तिच्यामुळेच कोरडी ढास लागू शकते. कितीही काढे प्या, ती थांबत नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली की काही आठवड्यांत जाते.

सदाशिव_३०
मधुमेहींनी अडुळशाचं सायरप घ्यावं का?

वैद्य_सहकारनगर
सायरप आणि अवलेह (चाटण) दोन्हीत साखर भरपूर असते. त्यांनी वैद्यांच्या सल्ल्याने काढा घ्यावा, मध न घालता. वासारिष्ट, वासकासव या अडुळशाच्या पातळ औषधांत आंबवण्याच्या क्रियेने मद्यार्क तयार झालेला असतो, तोही ध्यानात ठेवावा.

खलबत्ता
अवलेहाचा विषय निघालाच आहे तर प्रमाण देतो. वासावलेहाचा पारंपरिक पाठ वासास्वरस एक प्रस्थ, खडीसाखर आठ पल, पिंपळी दोन पल, तूप दोन पल, मध आठ पल असा आहे. आजच्या मापात ७६८, ३८४, ९६, ९६ आणि ३८४ ग्रॅम. थोडक्यात ८ : ४ : १ : १ : ४. घरासाठी ४०० ग्रॅम रस, २०० ग्रॅम खडीसाखर, ५० ग्रॅम पिंपळी, ५० ग्रॅम तूप, २०० ग्रॅम मध. एवढ्या रसाला दीड ते दोन किलो ताजी पानं हाताशी ठेवा.

रस आणि खडीसाखर जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. लोखंड नको, स्टील किंवा कल्हईचं पितळ. वर येणारी मळी झाऱ्याने काढत राहा. पाक दोनतारी झाला, थेंब गार पाण्यात टाकल्यावर न पसरता तळाला गेला, बोटांत दाबल्यावर त्यावर बोटाच्या रेषा उमटल्या की तूप घालून हलवा. मग आच बंद. पिंपळी वस्त्रगाळ केलेली हवी आणि ती आच बंद झाल्यावर, भुरभुरत, एका हाताने ढवळत घालायची. एकदम ओतली की गुठळ्या होतात, त्या पुन्हा फुटत नाहीत. मध अगदी शेवटी, पातेल्याच्या बुडाला हात लावून ते गार लागलं म्हणजे.

पाक कच्चा राहिला तर पंधरवड्यात बरणीत वर पांढरी बुरशी किंवा आंबूस फेस. पाक पुढे गेला तर दुसऱ्या दिवशी दगड होतो आणि साखर परत खडे धरते. कच्चा परवडला, लगेच लक्षात आलं तर मध घालण्याआधी पुन्हा आटवता येतो. पुढे गेलेल्याला उपाय नाही. बरणी आणि चमचा कोरडाठाक हवा. मात्रा ६ ते १२ ग्रॅम, म्हणजे एक ते दोन छोटे चमचे. पिंपळी तिखट-उष्ण आहे, आम्लपित्त असेल तर जपून.

हिरवी_गच्ची
रस्त्याकडेच्या कुंपणाची पानं घेऊ नका. नगर रस्ता, सिंहगड रस्ता, कुठलाही रस्ता घ्या. धूळ आणि वाहनांची काजळी पानावर तेलकट चिकटते, नुसत्या पाण्याने जात नाही. सोसायटीच्या कुंपणावर माळी कधी काय फवारतो तेही माहीत नसतं. अडुळसा गच्चीत इतका सहज वाढतो की दुसरीकडे जायची गरजच नाही.

पेन्सिलीएवढ्या जाडीची, ना हिरवी ना फार जून, १५ ते २० सेंटीमीटरची काडी घ्या. तिला तीन-चार पेरं हवीत. खालचा काप पेराच्या जरा खाली तिरका, वरचा सरळ. म्हणजे उलटी लावली जात नाही आणि शेंड्यावर खूणही राहते. पानं सगळी काढा, वरची एक जोडी अर्धी कापून ठेवा. दोन पेरं मातीत, दोन वर. जून-जुलैत लावली की महिना-दीड महिन्यात मुळं धरते. फेब्रुवारी-मार्चमध्येही लागते, पण मग सावलीत आणि रोज ओल. काडी ओढून बघायचा मोह आवरा, कोवळी मुळं त्यातच तुटतात. नवी पालवी आली तरी तीन-चार आठवडे थांबा, काडीतल्या साठ्यावरही पालवी फुटते.

कुंडी किमान १४ इंची. पुण्याची काळी माती एकटी वापरली की पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. लाल माती दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग, जाड वाळू एक भाग. रोग-किडी फारशा नाहीत. गुरं-शेळ्याही तोंड लावत नाहीत, म्हणून तर शेताच्या बांधाला हा लावतात. पेरांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्याने ब्रशने धुवा. छाटणी फुलं संपली की, जमिनीपासून दीड फुटावर. छाटली नाही तर झुडूप उंच आणि खाली उघडं होतं. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पानं काढू नका.

नवी_पालवी
सगळ्यांचे आभार. टेकडीवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे कुंपणाचं पान मोजलं. लांबी ११ सेंटीमीटर, रुंदी दीड. जोडीने आहे, कड अखंड, पण मधली शीर आणि कोवळी खोडं जांभळी आहेत.

टेकडीवाला
म्हणजे काळा अडुळसा. याची पानं गरम करून सांध्यांवर बांधण्याचा वापर आहे, खोकल्याच्या काढ्यात घालू नका. सोसायटीत आणखी कुणी तिथून पानं नेत असेल तर त्यांनाही सांगा.

हिरवी_गच्ची
खऱ्या अडुळशाचं रोप हडपसर-मांजरीकडच्या रोपवाटिकांत मिळतं. नुसतं 'अडुळसा' न म्हणता 'पांढरा अडुळसा' मागा, आणि पिशवी उचलण्याआधी पेराला हात लावून, पानाची रुंदी बघून घ्या. आत्ता रोप आणलंत तर पहिला हंगाम पानं तोडू नका. पुढच्या पावसात त्याच्याच काड्या लावून दुसरी कुंडी होईल.